सांडोरच्या रगड्यावर काचेची चाळण

बॅगेत दोन साड्या, एक स्वेटर, आणि उरलेल्या सगळ्या जागेत चादरीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक. ते बघून आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "लोक वसईला किल्ला बघायला जातात, केळी खायला जातात. तू चिखल बघायला चाललीस!" म्हटलं, हो, चालले. तुम्हाला काय त्रास? भाकरी डब्यात आहे, आमटी गॅसवर आहे.

मी कराडची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाले तेव्हा लॅबचा जुना सूक्ष्मदर्शक मोडीत निघणार होता, तो मी मागून घरी आणला. एके दिवशी सहज कृष्णेच्या पाण्याचा थेंब त्याखाली धरला आणि तिथंच मला वेड लागलं. त्या थेंबात डायटम होते. डायटम म्हणजे पाण्यात राहणारं एका पेशीचं शेवाळ, पण ते स्वतःभोवती काचेची डबी बांधतं. खरीखुरी काच! डबीला झाकण, झाकणावर भोकाभोकांची नक्षी, आणि हे सगळं आपल्या डोळ्यांना धुळीच्या कणाएवढंही दिसत नाही. आमच्या नदीतले डायटम लहान, लांबट. मला हवा होता समुद्रातला मोठा, गोल, चाळणीसारखा. म्हणून वसई.

आता एक खोड सांगते, म्हणजे पुढचा सगळा गोंधळ कळेल. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी अगदी पापुद्र्याएवढा थर स्पष्ट दिसतो. गोल डायटम असतो पालथ्या बशीसारखा फुगीर. मधला भाग स्पष्ट केला की कडा धूसर, कडा स्पष्ट केली की मधला धूसर. यावर उपाय असा, की बारीक चक्री केसभर फिरवायची, फोटो काढायचा, परत केसभर फिरवायची, परत फोटो. असे चाळीसेक फोटो घ्यायचे आणि खांद्यावरच्या पिशवीत आणलेल्या छोट्या कॉम्प्युटरला द्यायचे. तो प्रत्येक फोटोतला स्पष्ट तेवढा भाग उचलून एकच अख्खा फोटो रचतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. अट एकच. तेवढा वेळ काही म्हणजे काही हलता कामा नये.

पाचूबंदर

माझी मावसबहीण सुनीता विरारला राहते, पश्चिमेला, पाचव्या मजल्यावर. शाळेत शिकवते. तिच्या स्कूटरवर मागं बसून आम्ही सकाळीच पाचूबंदरला गेलो. वाटेत ती सारखी म्हणत होती, "ताई, नीट पकड, बॉटल्स सांभाळ, टेन्शन नको घेऊ." टेन्शन तिलाच होतं.

ओहोटी लागली होती. काठावर बांबू बांधून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत ओळीनं लटकत होते, आणि तो वास! सुनीतानं नाकाला ओढणी लावली. मला मात्र भूक लागली. आमच्याकडं सुके बोंबील बाजारात येतात ते कागदाच्या पुडीत, वाळून काडी झालेले. इथं ते ओले, गुलाबी, पारदर्शक, वाऱ्यावर हलताना बघून मला कोण आनंद झाला!

साडी खोचून मी चिखलात उतरले. वरचा तपकिरी, तेलकट साय धरल्यासारखा थर चमच्यानं अलगद काढायचा असतो, त्यातच डायटम असतात. चार चमचे काढले असतील, तोवर चप्पल रुतली. ओढली तर पाय आला, चप्पल आली नाही. हात घालून चाचपलं तर हात कोपरापर्यंत आत. बोंबील उलटणारी एक बाई कमरेवर हात ठेवून माझी गंमत बघत होती.

"काय हरवलं गो बाय?"

"चप्पल!"

"आनि बाटलीत काय भरते?"

"चिखल."

ती एवढी हसली, एवढी हसली, की तिला खाली बसावं लागलं. "चप्पल आमाला ठेवून चिखल घेऊन चालली! जा बाय, अजून ने, लागेल तेवडा ने." मीही हसत सुटले. एका पायात चप्पल घालून फिरण्यात अर्थ नव्हता, दुसरीही तिथंच काठावर ठेवून आले.

विरार

संध्याकाळी सुनीताच्या डायनिंग टेबलावर दुकान मांडलं. पहिल्याच थेंबात तो सापडला. गोल, अख्खा, आतला जीव गेलेला, नुसती काचेची रिकामी डबी. मधोमध भोकांचं लहान फूल, तिथून चहूकडं निघालेल्या भोकांच्या रांगा. माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. सुनीतानं पाहिलं, तिच्या नवऱ्यानं पाहिलं, आणि मग मी सगळ्यांना आपापल्या जागी बसायला सांगितलं.

बसले ते. पण बिल्डिंग बसेना. वरच्यांचं वॉशिंग मशीन सुरू झालं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नवा टॉवर होतोय, तिथं जमिनीत खांब ठोकत होते. धम्म. धम्म. प्रत्येक धम्मला माझी चाळण सूक्ष्मदर्शकाखाली नाचायची. फोटो रचला तर एका गोलाचे चार गोल, झिंगल्यासारखे. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा सुनीताचा नवरा पाणी प्यायला उठला आणि मी त्यांच्यावर ओरडले. जावयावर ओरडले हो! नंतर मला इतकं ओशाळं वाटलं, पण त्यांनीच हसून सांगितलं, "ताई, तुम्हाला जमिनीला चिकटलेलं घर पाहिजे. ते विरारमध्ये आता नाही मिळणार."

सुनीता म्हणाली, "लीनाकडे जा. सांडोरला. आमच्या स्टाफमधली आहे. जुनं घर, सगळा तळमजला, मागे केळीची वाडी. तिची सासू गोड आहे, फक्त बोलते जाम."

बोलणारी माणसं मला चालतात. मी स्वतः काय मौनात असते का?

सांडोर

रस्ता सोडून आत वळलं की हवाच बदलते. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये पाटाचं पाणी, कुठं पालेभाज्यांचे वाफे, आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ. उसाच्या आणि ज्वारीच्या मुलखातून आलेल्या माझ्यासारखीला एवढं हिरवं एकदम अंगावर आलं.

लीनाच्या सासूबाई आग्नेसमावशी दारातच उभ्या होत्या. बुटक्या, गोऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी अनवाणीच आत आले तर पहिलंच वाक्य, "पाय केवडे थकलेत गो बाय तुजे, बस." आणि समोर सुकेळी ठेवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधाच्या रंगाची, चिवट, गोड मिट्ट. आमच्याकडं केळं पिकलं की खायचं आणि काळं पडलं की गाईला. हे असं काही करता येतं, हे मला या वयात कळलं. मी किती खाल्ली ते सांगत नाही.

मावशींच्या हातात सतत क्रोशाची सुई. बोलताना, भांडताना, चूल बघताना. त्यांनी विषय काढायला फार वेळ लावला नाही. मे महिन्यात आळीतल्या क्रुसाची प्रार्थना असते. सगळी आळी जमते. क्रुसापुढं टेबल मांडतात आणि त्या टेबलावरचं विणलेलं कापड दर वर्षी एका घरानं करायचं. पाळीपाळीनं. यंदा पाळी यांची.

"मागच्या वर्षी रोजीनं केलं," मावशी म्हणाल्या. रोजी म्हणजे त्यांची थोरली जाऊ, भिंतीपलीकडच्या घरातली. "मोर केले, मोर! पिसारा फुलवलेले. फादर पन बघत राहिले. आता मी काय करू? गुलाब? गुलाब सगल्यांनी केले." मग सुई खाली ठेवून त्यांनी बोटं पुढं केली. सांधे सुजलेले, करंगळी वाकलेली. "परत पाळी येईल तवा ही चालनार नाय. डॉक्टर बोलला. हे शेवटचं."

हे त्या रडत सांगत नव्हत्या, चिडून सांगत होत्या. मला त्या तिथंच आवडल्या.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि चाळण दाखवली. डोळा लावला तो काढेनातच. लीनानं काळजीनं विचारलं, "आई?"

"श्श," मावशी म्हणाल्या. "टाके मोजते."

मग डोकं वर करून माझा दंडच धरला. "हे पायजे मला. हे कोन विनलं?"

"कुणीच नाही. आपोआप होतं. पाचूबंदरच्या चिखलात होतं."

"आपल्या खाडीत?" त्यांचे डोळे असे चमकले! "पन गो, मधलं दिसते तर कड दिसत नाय. ह्या रांगा बघ. मधी थोड्या, भायेर जास्त. म्हंजे मधी कुठंतरी वाढ घेतली, नवी रांग घातली. ती कुठं घातली ते दिसलं नाय तर मी विनू कशी? गोल पसरनार नाय, टोपी होईल टोपी!"

घ्या! चाळीस फोटो रचून अख्खी चाळण दाखवायची हौस आत्तापर्यंत माझी एकटीची होती. आता त्यावर एका बाईचं शेवटचं कापड अवलंबून होतं, आणि माझ्या हातात दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळची परतीची गाडी होती.

जागा मावशींनीच काढून दिली. मागच्या पडवीत एक दगडी रगडा अर्धा जमिनीत पुरलेला आहे, लग्नाकार्याचा मसाला वाटायचा. आता मिक्सर आल्यापासून तो नुसता बसून असतो. त्यावर जाड पाट ठेवला, पाटावर सूक्ष्मदर्शक. मी हातानं हलवून पाहिलं. ढिम्म! मला त्या दगडाचा मुकाच घ्यावासा वाटला.

आणि तरीही जमेना. रगडा हलत नव्हता, पण घर हलत होतं. लीनाचा मिक्सर. पास्कूकाकांचा, म्हणजे मावशींच्या यजमानांचा, विहिरीवरचा पंप. कोंबड्या पडवीत येऊन पाटाखाली टोचायच्या. आणि स्वतः मावशी! दर पाचव्या फोटोला, "झालं काय? चा टाकू?" म्हणत धबधब चालत यायच्या. त्यांच्या प्रत्येक पावलाला माझी चाळण थरथरायची.

त्यात भिंतीपलीकडून हाक आली. "आग्नेस, कोन आलंय गो तुज्याकडे? मशीन कसली?"

मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं, की बोललीस तर बघ. मग भिंतीकडं तोंड करून गोड आवाजात, "लॅबवाली बाय हाय, विहिरीचं पानी तपासते."

दहा मिनिटांत रोजीबाई हजर. उंच, सडपातळ, हातात कळशीभर पाणी. "आमचं पन बघा."

आता काय करता? चादर टाकून माझी चाळण झाकली, त्यांच्या पाण्याचा थेंब घेतला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं बघितला. मावशी मागं उभ्या राहून पदर तोंडात कोंबत होत्या. त्या पाण्यातही छोटे छोटे डायटम होते, मी मनापासून खूश झाले आणि सांगितलं, "छान आहे हो तुमचं पाणी, जिवंत आहे. पण उकळून प्या." रोजीबाईंनी जाताना मावशींना विचारलं, "आनि तुजं कसं निघालं?" मावशी म्हणाल्या, "तसंच." त्यावर दोघी जावांनी एकमेकींकडं जे पाहिलं, ते मला शब्दांत सांगता यायचं नाही.

परत सुरुवात केली. दहा-बारा फोटो झाले असतील, आणि लांबून चर्चची घंटा वाजली. दुपारचे बारा.

घर थांबलं. हे मी शब्दशः सांगतेय. मिक्सर बंद. पंप बंद. लीना ओट्यापाशी हात जोडून उभी. मावशी चालता चालता जिथं होत्या तिथं थबकल्या. पास्कूकाका केळीचा घड खांद्यावर घेऊन दारातून आत येत होते, ते घडासकट उंबऱ्यावर डोळे मिटून उभे. ओठ तेवढे हलत होते. भिंतीपलीकडंही शांत, वाडीतली खुरपी शांत. आमच्याकडं दिवेलागणीला दिवा लावतो, पण लावणारी एक आणि बाकीचे टीव्हीपुढं. असं अख्ख्या आळीनं एकदम थांबणं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि चाळण? स्थिर. दगडावर कोरल्यासारखी. मी काय केलं असेल ते ओळखा. मी चक्री फिरवत राहिले. फोटो, चक्री, फोटो, चक्री. मनात म्हटलं, देवा, तुझेच लोक उभे आहेत, तूच बघ. पण तीन-चार मिनिटांत प्रार्थना संपली, घड धप्पकन खाली आला आणि सगळं परत नाचायला लागलं. निम्मीच चाळण झाली होती.

मला फार चोरट्यासारखं वाटलं. मावशींना तसं सांगितलंही, की तुम्ही देवाचं नाव घेत होता आणि मी फोटो काढत होते. तर म्हणतात, "मान खाली होती ना तुजी? मग झालं."

जेवायला तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि चिंचेच्या कोळातली कोळंबी होती. त्या भाकरीला ज्वारीचा खमंगपणा नाही, पण कोळंबीचा रस असा पिते की ताट धुवायला नको. जेवताना मावशी एकदम म्हणाल्या, "तुला किती वेळ पायजे?"

"पूर्ण व्हायला? याच्या दुप्पट, तिप्पट."

त्यांनी मान डोलावली आणि मला अजून एक भाकरी वाढली.

सांडोर, दुसरा दिवस

सकाळी सगळं नव्यानं लावलं. बाटलीतला चिखल संपत आला होता. आडव्यातिडव्या, फुटलेल्या चाळण्या पुष्कळ, पण सपाट पडलेली, अख्खी, अशी एकच सापडली. कालच्यापेक्षाही देखणी. वरच्या बारीक काचेच्या कडेला व्हॅसलीन लावून थेंब वाळू नये असं केलं आणि बाराची वाट बघत बसले.

घंटा वाजली. घर थांबलं. मी सुरू केलं.

कालच्याच जागी प्रार्थना संपली. मी श्वास रोखून धपधप ऐकायच्या तयारीत होते. पण मावशी हलल्या नाहीत. त्या तिथंच, पडवीच्या जमिनीवर, गुडघ्यांवर बसल्या, कमरेची जपमाळ काढली आणि पुढची प्रार्थना म्हणायला लागल्या. लीनानं चमकून सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हसू दाबत तीही गुडघ्यांवर. पास्कूकाका भुकेले होते. पानं वाढायची वेळ, ताटात काल सांगून ठेवलेलं सरंग्याचं, म्हणजे पापलेटचं, कालवण, आणि ही बाई आत्ता जपमाळ काढतेय! जपमाळ यांच्याकडं संध्याकाळी म्हणतात. त्यांनी एक डोळा उघडून बायकोकडं पाहिलं. बायकोनं दोन्ही डोळे मिटलेले. ते बिचारे सुस्कारा सोडून, गुडघे कडकड वाजवत खाली बसले.

मण्यामागून मणी. "नमो मारिया" सुरू होऊन संपायची, परत सुरू व्हायची, त्या लयीत माझी चक्री फिरायला लागली. मणी, चक्री, फोटो. मणी, चक्री, फोटो. मी पुटपुटत नव्हते, पण माझा हात त्यांच्याबरोबर चालत होता. दहा मणी झाले. मावशींनी डोळा किलकिला करून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही, अजून. पुढचे दहा सुरू. पास्कूकाकांच्या पोटातून आवाज आला तो मला पडवीत ऐकू आला. लीनाचे खांदे हसून गदगदत होते, पण पाय हलला नाही. एक कोंबडी आली, मावशींनी प्रार्थना न थांबवता तिच्यावर असा हात उगारला की ती आल्या पावली परत.

शेवटची कड. शेवटचा फोटो.

"झालं!" मी ओरडले. अजून "आमेन" व्हायचं होतं. मग सगळ्यांनी घाईघाईनं ते म्हटलं आणि पास्कूकाका जे उठले ते थेट पानावर.

जेवण होईपर्यंत कॉम्प्युटर फोटो रचत होता. सरंग्याच्या कालवणात काय होतं मला आठवत नाही, आणि ही गोष्ट माझ्याकडून क्वचित घडते. हात धुऊन आम्ही चौघं स्क्रीनपुढं बसलो. काळ्या पार्श्वभूमीवर चाळण उमटली. कडेपासून कडेपर्यंत! मधलं फूल, रांगा, प्रत्येक भोक वेगळं, आणि जिथं जिथं दोन रांगांमध्ये नवी रांग घुसली होती ती जागा अगदी स्पष्ट. मावशी टाळ्या वाजवायला लागल्या. "ही बघ वाढ! ही बघ! आनि ही!" मला तर रडूच आलं, इतका आनंद झाला.

आणि तेवढ्यात मला ते दिसलं.

चाळणीच्या डाव्या कडेपासून मधल्या फुलापर्यंत एक तिरकी रांग. होडीच्या आकाराचा एक छोटा डायटम, एकापुढं एक, सात वेळा. मी डोकंच धरलं. चिखल ताजा होता, त्यात जिवंत डायटम होते, आणि त्यातला एक, अगदी होडीसारखा दिसणारा, फोटो घेताना थांबत थांबत चाळणीवरून चालत गेला होता. कॉम्प्युटरला काय कळतंय? त्यानं प्रत्येक फोटोतली तीच होडी स्पष्ट आहे म्हणून उचलली आणि ओळीनं मांडली. एकच होडी, सात ठिकाणी.

"वाट लागली!" मी म्हटलं. "सगळे हलायचे थांबले आणि हाच मेला चालत सुटला!"

मावशींनी विचारलं, "हा जित्ता होता?"

"जिवंत होता म्हणून तर हलला."

त्या स्क्रीनजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. परत करावं म्हणून मी रगड्याकडं धावले, तर पाट उचलताना काच सरकली होती आणि थेंब वाळला होता. दुसरी अख्खी चाळण बाटलीत नव्हती. माझा चेहरा पडला. मावशी लीनाला म्हणाल्या, "हाच छापून आन शाळेतून. मोठा."

मी त्यांना शब्द दिला, की घरी जाऊन होड्या पुसून, त्यांच्याखालची भोकं नीट भरून स्वच्छ फोटो पाठवते. निघताना त्यांनी सुकेळीचा पुडा आणि लीनाच्या जुन्या चपला माझ्या हातात दिल्या. पाचूबंदरची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

कराडला आल्यावर तीन दुपारी बसून मी एकेक होडी पुसली आणि लीनाच्या मोबाइलवर फोटो धाडला. तिनं लगेच कळवलं, "आईंना दिला. आई विणतायत. बोटं शेकतात आणि विणतात. कुणाला बघू देत नाहीत."

परत सांडोर

मे महिन्यात आमच्या ह्यांना घेऊनच गेले. म्हटलं, चला, बघाच चिखलाचं काय होतं ते.

क्रुसाला रंग दिला होता, चहूकडं मोगरा, आणि आळी नटूनथटून उभी. टेबलावर कापड होतं. पांढऱ्या दोऱ्याची चाळण, हातभर रुंद. मधलं फूल, रांगा, प्रत्येक वाढ जिथल्या तिथं. कुठं टोपी झाली नव्हती, कुठं सुरकुती नव्हती, टेबलावर असं पसरलं होतं की बस्स. आमचे हे चष्मा काढून, पुसून, परत घालून बघत राहिले. मी जवळ गेले आणि जागच्या जागी थांबले. डाव्या कडेपासून फुलापर्यंत सात होड्या होत्या. निळ्या दोऱ्यानं.

"मावशी! मी पुसून पाठवला होता की! लीनानं दिला नाही?"

"दिला." मावशी नवं लुगडं सावरत माझ्या शेजारी आल्या. सुजलेल्या बोटांना तेल लावलेलं होतं. "बघितला. चांगला होता. पन त्यात काय नव्हतं."

"होड्या नव्हत्या, म्हणून तर—"

"हां. तेच." त्यांनी कापडाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं आणि होडीहोडीनं पुढं नेलं. "हितं आमी गुडघ्यावर बसलो. हितं ह्यांच्या पोटात गुडगुडलं. हितं कोंबडी आली. आनि हितं तू ओरडली. तेवडा सगला वेळ ती चालत होती. आमी प्रार्थना करत होतो, तू फोटो काढत होती, ती आपलं काम करत होती. ती एकटी कशाला पुसू?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि तशीच उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, आमच्या ह्यांनी खिशातला रुमाल काढून दिला.

रोजीबाई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आल्या. आधी उभ्यानं पाहिलं. मग वाकून. मग चष्मा लावून. "आग्नेस, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाय," मावशी म्हणाल्या. "खाडीतलं. आपलंच."

फादरनी प्रार्थना सुरू केली. सगळी आळी थांबली, माना खाली गेल्या, डोळे मिटले. रोजीबाईंचे तेवढे उघडे होते. त्यांचं बोट कापडावर एकेका होडीवरून सरकत होतं, टाके मोजत होतं, आणि आग्नेसमावशी डोळे मिटायचं विसरून, तोंडभर हसत त्यांच्याकडं बघत होत्या.